चावी काढली तरी

हर्षदने गाडी अंगणात आणून उभी केली तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. राही पायरीवरून उतरली, कुणाशी काही न बोलता सरळ गाडीच्या तोंडाशी गेली आणि बॉनेटवर तळहात टेकवला. बॉनेट चांगलंच तापलेलं होतं.

"दाजी, मी काल संध्याकाळीच आणून ठेवायला सांगितली होती ना? रात्रभर उभी राहिली असती, सकाळी थंड इंजिन चालू करून बघितलं असतं."

"अहो वहिनी, पालीहून ढकलत आणायची होती काय?" हर्षद हसत खाली उतरला. "काल एक काम निघालं. गाडी तीच आहे, काल बघा नाहीतर आज बघा."

पडवीत बसलेल्या बुधाजींनी, म्हणजे राहीच्या सासऱ्यांनी, आबांनी, तिथूनच आवाज दिला. "पोरी, आधी पाणी दे त्यास्नी. जावई दारात उभा हाय आनि तू गाडीला हात लावत बसलीस."

राहीने पाणी आणून दिलं. पण मनात खुटखुटलं ते खुटखुटलंच. तिचे वडील रावजी दिघीच्या धक्क्यावर लाँचची इंजिनं दुरुस्त करायचे. शाळेला सुटी असली की राही त्यांच्यासोबत जायची आणि मागतील तो पाना हातात द्यायची. ते म्हणायचे, झिजलेलं डिझेल इंजिन सकाळी पहिल्यांदा चालू करताना पकडायचं. रात्रभर गारठलेलं असलं की ते कुरकुरतं, चालू व्हायला वेळ घेतं, पांढरा धूर ओकतं. एकदा तापलं की तेच इंजिन शहाण्या मुलासारखं वागतं. रावजी आता नव्हते, पण त्यांनी शिकवलेलंच तिचं पोट भरत होतं. म्हसळा ते माणगाव या रस्त्यावर ती नऊ वर्षं स्वतःची सहा आसनी मिनिडोर रिक्षा चालवत होती. तिच्या बरोबरीने स्टँडवर नंबर लावणारी दुसरी बाई नव्हती. पहिली दोन वर्षं लोक तिची गाडी सोडून मागच्या गाडीत बसायचे. आता म्हाताऱ्या बायका तिच्याच गाडीची वाट बघत थांबायच्या.

मोठी गाडी हवी होती ती आबांसाठी. दीड वर्षापूर्वी आबांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि सोमवार-गुरुवार माणगावला डायलिसिस सुरू झालं. राही त्यांना मिनिडोरमधूनच नेत असे. जाताना ठीक असायचं. येताना मात्र आबा अर्धमेले झालेले असायचे. चार तास यंत्राला लावून रक्त धुतलेलं, अंगात थंडी भरलेली, आणि मिनिडोरला दोन्ही बाजूंनी वारा. घाटातल्या प्रत्येक खड्ड्याला ते कण्हायचे. त्याच वाटेवर आणखी तीन पेशंट होते. त्यातली वरच्या वाडीची काशी तर एकदा येताना चक्कर येऊन मिनिडोरमधून खाली पडता पडता वाचली होती. राहीने तिला एका हाताने धरलं आणि एका हाताने गाडी थांबवली. त्या रात्री तिने नवऱ्याला, सदाला सांगितलं, "बंद दारांची, सात जणांची डिझेल गाडी घेऊ या. जुनी चालेल. चौघांनाही मीच नेईन."

सदा कंपनीत पाळीवर जाणारा, शांत माणूस. त्याने बहिणीला, प्रणालीला, फोनवर सहज सांगितलं आणि तिथेच गाठ पडली. प्रणालीचा नवरा हर्षद पालीला राहून जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत मध्यस्थी करायचा. दुसऱ्याच दिवशी त्याचा निरोप आला: घरचीच गाडी आहे, बाहेर कुठे बघूच नका.

घरचीच गाडी. तिथेच तर अडचण होती. परक्याची गाडी खालून-वरून तपासता येते. जावयाच्या गाडीला हात लावला की मानापमान आड येतो.

तरी राहीने हात लावलाच. बॉनेट उघडलं तर आतलं इंजिन नव्या भांड्यासारखं लखलखत होतं. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीच्या इंजिनावर धूळ असते, कुठे तेलाचा डाग असतो. त्या डागावरूनच कुठून गळतंय ते कळतं. इथे सगळं धुऊन काढलेलं.

"कशासाठी धुतलंत?"

"स्वच्छ गाडी दिली तरी तक्रार?" हर्षद आबांकडे बघून हसला.

तिने तेलाची पट्टी काढली. तेल मधासारखं पिवळं होतं. डिझेल गाडीचं तेल चार दिवसांत काळं पडतं. हे काल-परवा बदललेलं होतं, आणि बोटांत चोळून बघितलं तर नेहमीपेक्षा दाट लागलं. दाट तेलाने आतली खडखड दबते, हे तिला माहीत होतं. मग ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली. मीटर ब्याण्णव हजार दाखवत होता. पायाखालची पॅडलची रबरं कोरी करकरीत होती, पण स्टिअरिंग तळहातांनी घासून घासून काचेसारखं गुळगुळीत झालेलं. सीटचा उजवा काठ खचलेला. सीटबेल्टच्या कडा विसकटलेल्या. ब्याण्णव हजारांत एवढी झीज होत नाही. अडीच-तीन लाख फिरलेली असणार.

गाडी तीन लाख फिरली म्हणून राहीला काही वाटलं नसतं. डिझेल इंजिन नीट सांभाळलं तर तीन लाखांनंतरही ओढतं. पण मीटर मागे फिरवणाऱ्याने आणखी काय काय झाकलं असेल, याची तिला भीती वाटली.

"सर्व्हिसचं पुस्तक कुठाय?"

"पहिल्या मालकाने हरवलं."

"पहिला मालक कोण?"

"आहेत एक नवी मुंबईचे. वहिनी, टेन्शन नका घेऊ हो. फक्त देवदर्शनाला फिरवलेली गाडी आहे."

तिने गाडी चालू केली. तापलेली असल्यामुळे अर्ध्या फेऱ्यात चालू झाली. मग खाली उतरून तिने इंजिनावरचं तेल भरायचं झाकण सैल केलं आणि बाजूला न काढता तसंच ठेवलं. झाकण थडथड नाचू लागलं आणि कडेने निळसर वाफ फुसफुसत बाहेर आली. इंजिनाच्या आत जो दाब कोंडून राहायला हवा तो पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांतून निसटत होता.

"सगळ्याच डिझेल गाड्या थोडी वाफ मारतात," हर्षद पुढे होऊन झाकण घट्ट करत म्हणाला.

"थोडी मारतात. एवढी नाही मारत."

आता आबा काठी टेकत अंगणात आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "राही, बास झालं. सकाळधरनं बघतोय मी. तो मानूस आपल्या पोरीचा नवरा हाय. तू त्याला चोरासारखा उलटा-पालटा करतेस. उद्या प्रनालीला घरात काय काय ऐकावं लागल?"

राहीने सदाला फोन लावला. तो पाळीवर होता, मागे यंत्रांचा आवाज येत होता. सगळं ऐकून घेऊन तो एवढंच म्हणाला, "तुला कळतं ते मला कळत नाही. पण फार ताणू नको. प्रणालीचं घर आहे ते."

हर्षद घड्याळ बघत होता. दुपारी पेणचं गिऱ्हाईक येणार आहे, त्याला नाही म्हणून सांगायचं की हो म्हणून, असं त्याने दोनदा विचारलं. तिघांच्या मधे राही एकटी उभी होती. नाही म्हणावं तर घर तुटतं, हो म्हणावं तर दर सोमवारी-गुरुवारी चार आजारी माणसं घेऊन याच गाडीने घाट चढायचा.

"एकदा घाट चढवून बघते," ती शेवटी म्हणाली. "नीट चढली तर मी काही बोलणार नाही."

हर्षदचं हसू ओसरलं. ते तिच्या नजरेतून सुटलं नाही. "घाट कशाला? इथेच रस्त्यावर फिरवा ना."

"आम्हाला घाटच चढायचाय, दाजी."

"मी बी येतो," आबा म्हणाले. "मलाच बसायचं हाय तिच्यात."

तिने नको म्हटलं. आबांनी ऐकलं नाही. मधल्या सीटवर त्यांनी अंगाभोवती चादर लपेटून घेतली, डायलिसिसच्या सुया टोचून फुगलेला डावा हात मांडीवर जपून ठेवला आणि म्हणाले, "चल."

घोणसे घाटाची पहिली वळणं गाडी बरी चढली. राही तिसऱ्या गिअरमधे होती, खिडकीची काच खाली, कान इंजिनाकडे. चौथ्या वळणानंतर चढण वाढली तसं तिने पाय दाबला. इंजिनाचा आवाज चढला, पण गाडीचा वेग वाढला नाही. क्लच घसरत होता. आरशात बघितलं तर मागचा रस्ता निळ्या धुरात बुडालेला.

"दिसतंय का, दाजी?"

"थोडं तेल जळतं. एक सर्व्हिसिंग केलं की..."

"किती दिवसांत एक लिटर लागतं?"

आबांनी पहिल्यांदाच जावयाकडे वळून बघितलं.

वरच्या अंगाला, शेवटच्या वळणाआधी रस्त्याला एक रुंदट जागा आहे. तिथला कठडा पावसाळ्यात ढासळला होता आणि त्या जागी नुसते रंगवलेले दगड मांडून ठेवलेले होते. राहीने गाडी तिथे घेतली. जागा सपाट दिसत होती. तिने हँडब्रेक ओढला. तो अगदी वरपर्यंत आला, म्हणजे त्यातही जीव नव्हता. एरवी तिने उतरल्याबरोबर मागच्या चाकाला दगड लावला असता. त्या दिवशी तिचं सगळं लक्ष धुरात होतं आणि दगड राहिला. ही गोष्ट तिला पुढे कितीतरी दिवस डाचत राहिली.

"दाजी, तुम्ही इकडे बसा. गाडी न्यूट्रलला आहे. मी सांगितलं की जोरात रेस द्या आणि लगेच सोडा. मी मागून धूर बघते."

हर्षद ड्रायव्हरच्या सीटवर बसला. राही गाडीच्या मागे, जरा कडेला जाऊन उभी राहिली. "द्या."

त्याने पाय दाबला. निळ्या धुराचा लोट आला.

"सोडा."

त्याने पाय सोडला. आवाज खाली आला नाही.

"सोडा म्हणते ना!"

"सोडलाय! पाय वर आहे माझा!"

आवाज चढत गेला. पहिल्यांदा गुरगुर, मग घरघर, मग कानात सुई घातल्यासारखी किंकाळी. धूर निळ्याचा पांढरा झाला आणि एवढा दाट झाला की गाडीचा मागचा अर्धा भाग दिसेनासा झाला. हे राहीने एकदाच बघितलं होतं, दहा वर्षांची असताना, दिघीच्या धक्क्यावर. लाँचचं इंजिन असंच किंचाळायला लागलं होतं आणि रावजींनी ओलं गोणपाट हवेच्या तोंडात कोंबून ते गुदमरवलं होतं. इंजिन पिसाळलंय, ते म्हणाले होते. डिझेल बंद केलं तरी ते स्वतःचंच तेल पिऊन धावतं. तेल संपेपर्यंत किंवा फुटेपर्यंत.

"चावी काढली! चावी काढली तरी बंद होत नाही!" हर्षद ओरडला. त्याचा आवाज तिला जेमतेम ऐकू आला. पुढच्या क्षणी ड्रायव्हरचं दार उघडलं, हर्षद बाहेर पडला आणि चावी हातात तशीच धरून चढावर धावत सुटला. वीस-पंचवीस पावलांवर जाऊन तो थांबला.

आणि गाडी हलली.

एवढ्या हादऱ्याने कमजोर हँडब्रेक सुटला होता. सपाट वाटणारी जागा सपाट नव्हती. गाडी हळूहळू मागे सरकत होती, त्या रंगवलेल्या दगडांकडे. दगडांपलीकडे काही नव्हतं, खाली झाडांचे शेंडे होते. मधल्या काचेतून आबांचा चेहरा दिसत होता. ते दाराची कडी ओढत होते आणि दार उघडत नव्हतं.

राही कशी धावली ते तिला नंतर आठवेना. उघड्या दाराला धरून ती आत चढली, अर्धी बाहेर असतानाच उजवा पाय ब्रेकवर दाबला. गाडी थांबली. मागचं चाक दगडापासून किती लांब राहिलं ते बघायला तिने मान वळवली नाही.

"दाजी! दार उघडा! आबांना बाहेर काढा!"

हर्षद जागचा हलला नाही. दोन्ही हात कानांवर ठेवून तो उभा होता.

"आबा, पलीकडचं दार!"

"न्हाय उघडत!" आबा खोकत होते. धूर आत भरत होता.

ब्रेकवरचा पाय काढता येत नव्हता. आबांना बाहेर काढायला दुसरं कुणी नव्हतं. बॉनेट उघडून हवेच्या तोंडात काही कोंबायचं तर खाली उतरायला हवं. आता इंजिन इथे बसूनच मारायला हवं होतं. त्याला एकच उपाय होता: वरचा गिअर, गच्च ब्रेक, आणि क्लच सोडून इंजिनाला गाडीच्या वजनाशी झुंजवायचं. चांगल्या क्लचने ते जागच्या जागी मेलं असतं. पण हा क्लच चार वळणांपूर्वी घसरला होता.

तिने क्लच दाबला, गिअर पाचव्यात घातला, पाठ सीटला रेटून ब्रेकवर सगळं अंग टाकलं आणि डावा पाय वर घेतला. गाडी गदगदली. इंजिनाचा आवाज खाली आला, आणखी खाली आला, आता बंद पडतंय असं वाटलं, आणि जळक्या रबरासारखा वास येऊन तो पुन्हा चढला. क्लचने पकड सोडली होती.

हळू सोडला मी, तिच्या मनात आलं. भीतीने हळू सोडला.

तिने पुन्हा क्लच दाबला. इंजिन मोकळं होऊन आणखी किंचाळलं, कुठेतरी खण्ण असा धातूचा आवाज झाला. मागून आबा काहीतरी बोलले, ते तिला कळलं नाही. तिने ब्रेकवरचा पाय आणखी रेटला आणि डावा पाय पॅडलवरून एकदम, निखाऱ्यावरून उचलावा तसा उचलला.

गाडीने पुढे उडी घेतल्यासारखा धक्का दिला. राहीची छाती स्टिअरिंगवर आपटली. मग सगळं थांबलं.

एवढी शांतता झाली की खालच्या झाडीतलं पाखरू ऐकू आलं. राहीचा उजवा पाय ब्रेकवरून निघेना. "दाजी," ती म्हणाली, आणि तिच्या लक्षात आलं की आता ओरडायची गरज नाही. "मागच्या चाकाला दगड लावा. दोन लावा."

हर्षदने दगड लावले. त्याने बाहेरून आबांचं दार उघडलं आणि त्यांना धरून रस्त्याच्या पलीकडे बसवलं. आबांचा खोकला बराच वेळ थांबला नाही.

इंजिन निवल्यावर राहीने बॉनेट उघडलं. इंजिनात जादा हवा कोंबणारा जो टर्बो नावाचा पंखा असतो, त्याच्यापासून निघालेल्या जाड नळीची पट्टी तिने स्क्रू ड्रायव्हरने सैल केली आणि नळीचं तोंड खाली वाकवलं. पेलाभर तेल भळाभळा रस्त्यावर सांडलं. या नळीत नुसती हवा असायला हवी होती.

"टर्बो गेलेला आहे, रिंगा गेलेल्या आहेत. हे तेल साठत होतं आणि घाट चढताना इंजिनाने तेच ओढलं," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं?"

"तेल पिते एवढं माहीत होतं," हर्षद खाली बघून म्हणाला. "आठवड्याला लिटर. कंपनीच्या कामगारांची ने-आण करणारी गाडी होती. मी न बघता घेतली, वहिनी. माझ्या गळ्यात पडली होती. असं होईल हे खरंच माहीत नव्हतं. देवाशप्पथ."

"आनि माझ्या गळ्यात बांधायला आनलीत," आबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "तुम्ही उडी मारलीत, जावईबापू. बरं केलंत. तुम्हाला दोन लेकरं हायत."

त्या वाक्यात शिवी नव्हती, म्हणून ते हर्षदला जास्त लागलं असावं.

ओळखीचा टेम्पो आला, त्यात बसून ते घरी आले. वाटेत आबांनी राहीला सांगितलं, "गाडीचं काय झालं ते सांग सगळ्यांस्नी. त्याने उडी मारली ते सांगू नको. पोरीला नवऱ्याबरोबर जन्म काढायचा हाय."

राहीने शब्द पाळला, आणि त्याची किंमतही तिलाच भरावी लागली. तिसऱ्या दिवशी प्रणालीचा फोन आला. "तू मुद्दाम इंजिन फुटेस्तोवर रेस द्यायला लावलीस म्हणे. नको होती तर सरळ नाही म्हणायचं होतंस. एवढं नुकसान कशाला केलंस आमचं?" राहीच्या तोंडावर आलं होतं. पडवीत आबा झोपलेले दिसत होते. तिने ते गिळलं. त्या वर्षी प्रणाली गौरीला माहेरी आली नाही.

पण एका बाबतीत राही मागे हटली नाही. तिने हर्षदला फोन करून सांगितलं, "पेणच्या गिऱ्हाइकाला ती गाडी वरवर दुरुस्त करून दिलीत, तर मी त्याला शोधून काढेन. नातंगोतं काही बघणार नाही." आठवडाभर काही कळलं नाही. मग हर्षदचा एक फोटो आला. गॅरेजच्या जमिनीवर इंजिन सुटं करून मांडलेलं होतं आणि खाली एवढंच लिहिलेलं: सुट्या भागांत काढली.

गाडी मिळायला पुढे दोन महिने लागले. माणगावचे रत्नपाल गुरुजी, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, त्यांची गाडी विकायची आहे असं डायलिसिसच्या बाकावर बसलेल्या कुणीतरी सांगितलं. राही भल्या पहाटे गेली. गुरुजींनी दार उघडलं तेच म्हणाले, "रात्रीपासून हात लावलेला नाही. तुम्ही फोनवर सांगितलं होतं तसं."

मीटर दोन लाख एक्क्याऐंशी हजार दाखवत होता. शेजारी शाळेच्या हजेरीपटासारखी एक वही होती: कुठल्या तारखेला तेल बदललं, टायमिंग बेल्ट कधी टाकला, क्लच कधी, टर्बो कुणाकडून तपासला, सगळं एकाच अक्षरात. गाडी दुसऱ्या फेऱ्याला चालू झाली, थोडा पांढरा धूर टाकला, मिनिटभराने तोही विरला. तेल काळं होतं, पण पातळी बरोबर होती. तेलाचं झाकण सैल केलं तर जागच्या जागी राहिलं. नळी उघडली तर आत बोटाला ओलसरपणा लागला, त्याहून जास्त काही नाही.

"आता मी सांगतो काय वाईट आहे," गुरुजी म्हणाले. "एसी चालत नाही. तिसरा गिअर टाकताना कुरकुरतो. आणि मुलाकडे श्रीवर्धनला तीन वर्षं होती, खारं वारं लागलंय. खालून बघा."

राही गोणपाट टाकून गाडीखाली शिरली आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने पत्रा ठोकत गेली. डाव्या पायरीपाशी टोक आरपार गेलं. मुख्य सांगाडा मात्र खणखणीत वाजला. ती बाहेर आली तेव्हा केसांत गंजाचा चुरा होता.

"पायरीपाशी पत्रा गेलाय."

"गेलाय. तो मला माहीत नव्हता. तेवढं कमी करा."

त्यानंतर घाट. आबांना तिने या वेळी घरीच ठेवलं होतं. घाट चढून ती त्याच रुंदट जागेपाशी आली, थांबली नाही, पुढे गेली. परत येईपर्यंत मीटरवरचा उष्णतेचा काटा मधल्या रेघेवरून हललेला नव्हता. तिने गुरुजींना होकार दिला.

आबा त्या गाडीतून चौदा महिने डायलिसिसला गेले. एकही सोमवार-गुरुवार चुकला नाही. येताना काचा लावून ते झोपायचे. काशी एसी नाही म्हणून दर उन्हाळ्यात कुरकुर करायची आणि आबा तिला सांगायचे, एसी नसला तरी चालल, बंद पडायची अक्कल असलेली गाडी पायजे. मग एका गुरुवारी रात्री, घरीच, झोपेत ते गेले.

दिवसकार्याला प्रणाली आली. हर्षदही आला, पण आत आला नाही. माणसं पांगल्यावर राही चहा घेऊन मागच्या बाजूला गेली तर तो गाडीपाशी उभा होता.

"वहिनी, एक बोलायचं होतं."

"ती गाडी तुम्ही सुटी केलीत. झालं ते."

"गाडीचं नाही." त्याने चहाचा कप हातात घेतला, पण प्यायला नाही. "आबा आत होते. मला दिसत होते. माझे पायच वळले नाहीत. तुम्ही हिला सांगाल म्हणून मी वर्षभर वाट बघत होतो."

काही हरकत नाही, असं राहीला म्हणता आलं असतं. पण हरकत होती.

"आबांनी सांगू नको म्हटलं होतं," ती म्हणाली. "मी सांगणार नाही. सांगायचं असेल तर तुम्ही सांगा."

त्याने सांगितलं की नाही ते तिला कळलं नाही. पण पुढच्या गौरीला प्रणाली आली, दोन दिवस राहिली, आणि जाताना राहीला मिठी मारून बराच वेळ तशीच उभी राहिली.

दिवसकार्याच्या दुसऱ्या दिवशी सोमवार होता. सदा म्हणाला, आज राहू दे. राही पहाटे उठली, तेलाची पट्टी काढून बघितली, पुसून परत घातली आणि गाडी बाहेर काढली. काशी आणि दुसरे दोघे तिठ्यावर चादरी गुंडाळून उभे असणार होते. गुरुवारी धुतलेलं त्यांचं रक्त सोमवारपर्यंतच थांबणारं होतं.